डिस्कलेस लॅब उभारताय? या चुका टाळा

शाळेच्या लॅबमध्ये वीस-तीस जुने संगणक असतील, तर त्यांच्या हार्ड डिस्क काढून सगळे एकाच सर्व्हरवरून चालवणं खरोखर फायद्याचं आहे. एलटीएसपी हा मोफत लिनक्स प्रकल्प १९९९पासून हेच करत आलाय. सॉफ्टवेअर एकदाच टाकायचं, मशीनमागून मशीन फॉरमॅट करत बसायचं नाही. पण डिस्कचे पैसे वाचले म्हणून स्विच (सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबली जिथे जोडतात ती पेटी), यूपीएस आणि सर्व्हरमध्येही काटकसर केली, की एखादं मशीन नाही, अख्खा तास वाया जातो.

पहिली चूक जुन्या स्विचची. १०० एमबीपीएसच्या पोर्टातून सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात. तास सुरू होताच सगळ्यांनी एकदम बटण दाबलं, तर तेवढ्यातच सगळ्यांना भागवावं लागतं. निदान सर्व्हर ज्या पोर्टला जोडलाय ते तरी गिगाबिट (१००० एमबीपीएस) हवंच.

मशीन बूट होत नसेल तर सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका, आधी स्क्रीनवरचा एरर वाचा (नेटवर्कवरून बूट होताना तो ‘PXE-E61’ असा दिसतो). ई-६१ म्हणजे केबल बघा. ई-५१ म्हणजे डीएचसीपीकडून, म्हणजे मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देणाऱ्या सेवेकडून, उत्तरच आलं नाही. केबल ठीक असूनही हे येत असेल, तर मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर संशय घ्या: स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचं चक्र होऊ न देणारी सोय, चालू असेल तर पोर्ट सुमारे ३० सेकंद काहीच पुढे सोडत नाही. त्या पोर्टांवर ही वाट पाहणं टाळणारं ‘पोर्टफास्ट’ सेटिंग लावा. ई-५३ म्हणजे बूट फाइलचं नाव मिळालं नाही. बहुतेक वेळा फक्त राउटरनेच उत्तर दिलेलं असतं. अशा वेळी सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवा; पत्ता राउटर देतो, बूटची माहिती हा देतो, राउटरला हात लावावा लागत नाही. ई-३२ म्हणजे बूट फाइल मागितली पण सर्व्हरचं उत्तर आलं नाही; सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ (ही फाइल मागायचा पोर्ट क्रमांक) अडलाय का ते बघा.

नवा विद्यार्थी जोडला, पण त्याचं लॉगिन होत नाही? सर्व्हरवर ‘एलटीएसपी इनिटआरडी’ ही कमांड चालवायची राहिली. नवं सॉफ्टवेअर दिसत नसेल तर ‘एलटीएसपी इमेज’ चालवून मशीन रीस्टार्ट करा. या दोन कमांड भिंतीवर लिहून लावा.

रॅमबाबत इंटरनेटवरचे जुने सल्ले दिशाभूल करतात. पूर्वी प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे. २०१९मध्ये नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीत ते विद्यार्थ्यासमोरच्या मशीनवरच चालतात. म्हणून सर्व्हरला महागडा प्रोसेसर घेण्यापेक्षा प्रत्येक मशीनची रॅम वाढवा. स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेला) डिस्कच नाही, त्यामुळे रॅम भरली की मशीन गोठतं. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून ठेवणारी लिनक्सची सोय) चालू केल्यास थोडा दिलासा मिळतो.

मुलांच्या सगळ्या फाइली एकाच सर्व्हरवर असतात, हे विसरू नका. यूपीएस सर्व्हरला आणि स्विचलाही हवा. दोन डिस्कचं रेड (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर काढाच.

आणि चार-पाचच मशीन असतील, किंवा टॅलीसारखं विंडोजवरचं सॉफ्टवेअर शिकवायचं असेल, तर हा घाट घालू नका. सरळ छोट्या एसएसडी बसवा.