घरातील इंटरनेटला वेळेची चौकट कशी घालावी

मुलांच्या इंटरनेटला आवर घालायचा म्हटले की बहुतेक घरांत रागाच्या भरात मोबाइल काढून घेतला जातो आणि दोन दिवसांनी तो मुकाट्याने परत दिला जातो. त्यापेक्षा आधी वेळ ठरवावी आणि ती मुलांसमोर स्पष्ट सांगावी. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालील मुलांसाठी नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला तर स्क्रीन वर्ज्य मानली आहे. दोन ते पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास, तर पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी, अशी तिची शिफारस आहे.

घरी फायबरचे कनेक्शन असल्यास राउटरपासून सुरुवात करावी. त्याच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या कागदावर सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत गेल्यावर प्रथम हा छापील पासवर्ड बदलावा, कारण तो वाचून आत शिरणे सातवीतल्या मुलालाही सहज जमते. त्यानंतर बहुतेक राउटरांत असलेल्या ‘पॅरेंटल कंट्रोल’मध्ये मुलाचा फोन निवडून रात्री नऊनंतर त्याचे वाय-फाय बंद होईल अशी वेळ लावावी.

येथे एक पळवाट राहते. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक, न देता तात्पुरता पत्ता देऊ शकतात. ही निवड बदलली की राउटरला तोच फोन नवा वाटतो आणि वेळेची मर्यादा त्याला लागू होत नाही. म्हणून मुलाच्या फोनवर घरच्या वाय-फायपुरता खरा पत्ता निवडावा आणि अनोळखी उपकरणांना प्रवेश नाकारण्याची सोय राउटरमध्ये असल्यास तीही चालू करावी. अश्लील संकेतस्थळे अडवण्यासाठी राउटरमध्ये डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा विनामूल्य पत्ता भरता येतो.

राउटरचा हा सारा बंदोबस्त मोबाइल डेटापुढे निरुपयोगी ठरतो. मुलाला फोन केवळ संपर्कासाठी हवा असेल, तर २०२५ पासून मिळू लागलेले फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक घ्यावे, आणि आपल्या फोनचा हॉटस्पॉट बंद ठेवावा. अँड्रॉइडवर गूगलचे फॅमिली लिंक हे अॅप आणि आयफोनवर स्क्रीन टाइम ही सेटिंगमधील सोय यांतून रोजची मर्यादा घालता येते व नवीन अॅपची परवानगी आपल्या हाती राहते. मात्र स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडहून वेगळा असावा.

तरीही माझ्या मते सर्वांत परिणामकारक नियम मोठ्यांसाठीचा आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. हा नियम मुलांपुरता नव्हता, सगळ्या घराचा होता, आणि तेच त्याचे बळ होते. आपल्या घरीही असा दीड तास ठरवून सर्वांचे फोन बाहेरच्या खोलीत एकाच ठिकाणी चार्जिंगला लावावेत. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येत असेल, तर तो आई-वडिलांनी आधीच पाहून मुलाला वहीत उतरवून द्यावा, म्हणजे त्या निमित्ताने फोन पुन्हा हातात जाणार नाही.