कुमाऊंच्या पंतांचे मूळ कसे शोधावे: नागपूरकर अभ्यासकांसाठी

गोविंद वल्लभ पंत यांचे पूर्वज महाराष्ट्रातून हिमालयात गेलेले कऱ्हाडे ब्राह्मण होते, असे आपल्याकडे आपुलकीने सांगितले जाते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळी तेच केंद्रीय गृहमंत्री होते आणि त्याच पुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपण गेले. त्यामुळे या शहरात त्यांचे नाव निघाले की मुळाचा विषयही निघतोच. आजच्या उत्तराखंडातील कुमाऊं भागातील पंत घराणी स्वतःही हीच परंपरा सांगतात. जयदेव पंत नावाचा पूर्वज दक्षिणेकडून आला, गंगोली भागातील मणकोटी राजाने त्याला आश्रय दिला आणि पुढे वंशाचा विस्तार होऊन शर्म, श्रीनाथ, नाथू व भौदास अशा शाखा झाल्या, असे तिचे स्वरूप आहे. ही परंपरा इतिहासाच्या कसोटीवर कशी तपासावी, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

पहिला नियम असा, की आरंभ जयदेव पंतांपासून करू नये. जन्मगाव आणि जन्मवर्ष यांची खात्री असलेली अलीकडची व्यक्ती घ्यावी आणि तिच्यापासून एकेक पिढी मागे जावे. गोविंद वल्लभ पंत यांचा जन्म १८८७ मध्ये अल्मोड्याजवळील खूंट गावी झाला, ही पक्की खुंटी आहे. समजा, एखाद्या कुटुंबाच्या वंशावळीत तेथून मागे वीस पिढ्या मिळाल्या. पिढीला पंचवीस ते तीस वर्षे धरली, तर मूळपुरुष साधारण १२८७ ते १३८७ च्या दरम्यान येतो. काही कथनांमध्ये हे आगमन दहाव्या-अकराव्या शतकात ठेवलेले असते. तेवढ्या काळासाठी तीसच्या आसपास पिढ्या लागतील. अशी तफावत दिसली, तर मधली नावे गळाली आहेत की कथेचा काळ मागे ढकलला गेला आहे, हा प्रश्न वहीत स्वतंत्र लिहून ठेवावा. नावे भरून तो मिटवू नये.

मराठी वाचकाची सर्वांत मोठी फसगत कालगणनेत होते, म्हणून येथे थोडे थांबतो. आपल्या डोक्यात शालिवाहन शक बसलेला असतो. कुमाऊंच्या चंद राजांच्या ताम्रपटांवरही बहुधा शकच आढळतो. परंतु गावकऱ्यांच्या बोलण्यात आणि महसुली व्यवहारात विक्रम संवत चालत असे. कमिशनर ट्रेल यांनी १८२३ मध्ये गावांच्या सीमा ठरवल्या, ती व्यवस्था तेथे आजही ‘अस्सी साल’ म्हणून ओळखली जाते, कारण ते संवत १८८० होते. शकात ७८ मिळवायचे असतात आणि संवतातून ५७ वजा करायचे असतात. एखाद्या जुन्या कागदावर नुसते १५०० लिहिलेले असेल, तर ते शक मानल्यास १५७८ येते आणि संवत मानल्यास १४४३. म्हणजे १३५ वर्षांचा, पाच पिढ्यांचा फरक. राजाचे नाव, तिथी आणि वार जुळवून पाहिल्याशिवाय असा आकडा इसवी सनात उतरवू नये.

लिखित साधनांपैकी अ‍ॅटकिन्सन यांचे हिमालयीन जिल्ह्यांवरील गॅझेटिअर (तीन खंड, १८८२ ते १८८६) अपरिहार्य आहे आणि त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती नागपुरात बसून वाचता येतात. मात्र जातींविषयीची त्यातील माहिती प्रामुख्याने त्या काळच्या प्रतिष्ठित घराण्यांनी सांगितलेली आहे. ती १८८० च्या दशकातील कथनाचा पुरावा म्हणून वापरावी, मध्ययुगातील घटनेचा म्हणून नव्हे. शेजारी रसेल व हिरालाल यांचे मध्य प्रांतांतील जातींवरील १९१६ चे खंड ठेवावेत. भंडारा-बालाघाटकडील पोवार आपण धारहून आलो असे सांगतात. तशी दूरच्या मुळाची कथा किती समाजांमध्ये आहे, हे त्यातून लक्षात येते आणि पंतांची कथा एकाकी वाटत नाही.

अशा कथेला वजन का असते, हेही तपासावे लागते. कुमाऊंमध्ये मैदानातून आलेली घराणी आणि तेथील खस समाज यांच्यात मानमरातबाची उतरंड होती. ब्रिटिश काळात वारसाहक्काच्या वादांत मिताक्षरा (धर्मशास्त्रावर आधारलेला हिंदू वारसा-कायदा) लागू करायची की खस रूढी, हा प्रश्न उभा राहत असे, त्यामुळे ‘बाहेरून आलो’ या म्हणण्याला व्यावहारिक किंमत होती. यावरून परंपरा खोटी ठरत नाही. बदरीनाथचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, केरळचे नंबुद्री ब्राह्मण असतात, म्हणजे दक्षिणेतून हिमालयात जाऊन स्थिर होण्याचा मार्ग खराच होता. पण मार्ग होता म्हणून अमुक कुटुंब त्याच मार्गाने गेले, असे म्हणता येत नाही. आडनावाच्या साम्यावर तर मुळीच विसंबू नये, आणि भारद्वाज गोत्र सारखे निघाले तरी ते देशभर आढळते.

प्रत्यक्ष जायचे ठरल्यास नागपूरहून दिल्लीमार्गे काठगोदाम गाठावे आणि तेथून अल्मोडा व गंगोलीहाट करावे. वाट वाकडी करून हरिद्वारला जाता आले, तर संबंधित गावाचे तीर्थपुरोहित शोधून त्यांच्या वहीतील नोंदी पाहाव्यात. तेथे नोंदी गावानुसार ठेवलेल्या असतात, म्हणून आडनावापेक्षा मूळ गावाचे नाव आधी सांगावे. नोंद उतरवताना ती कोणी, कोणत्या वर्षी, कोणाच्या अस्थी घेऊन आल्यावर लिहिली, हे सारे टिपावे.

गावात ज्येष्ठांशी बोलताना ‘तुम्ही महाराष्ट्रातून आलात ना?’ असे विचारू नये, कारण पाहुण्याला आवडणारे उत्तर मिळण्याचा धोका असतो. सोयरीक कोणत्या घराण्यांशी होत असे, इष्टदेवता कोणती, गावातील पहिली जमीन कोणाकडून मिळाली, असे विचारावे. हेच प्रश्न शेजारच्या खस आणि शिल्पकार (तेथील दलित कारागीर समाज) कुटुंबांनाही विचारावेत. पंतांच्या आधी त्या दरीत कोण राहत होते, हे पंतांच्या वंशावळीत लिहिलेले नसते, आणि त्यांच्या येण्याची दुसरी बाजू या कुटुंबांच्या आठवणींतच मिळू शकते.