ग्रुपवर आलेली बातमी पुढे पाठवण्यापूर्वी कशी पडताळावी

वर्तमानपत्रात बातमी छापून येण्यापूर्वी ती उपसंपादकाच्या नजरेखालून जाते; व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराच्या वाटेत असा कोणी बसलेला नसल्यामुळे ते काम मजकूर ज्याच्या हाती पडतो त्यालाच करावे लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. तेव्हा फिरणारे संदेश कोणी तरी वेळीच तपासायला हवे होते, असे आजही तीव्रतेने वाटते.

प्रथम संदेशावरील खूण पाहावी. दुहेरी बाण दिसला, तर तो संदेश पाच किंवा अधिक वेळा पुढे ढकलला गेलेला असतो आणि पाठवणाऱ्याने घटना स्वतः पाहिलेली असण्याची शक्यता फारच कमी असते. त्यानंतर मजकुरात गाव, तारीख आणि पोलीस ठाणे यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. ‘काल आपल्या भागात’ एवढ्यावर भागवलेली बातमी तिथेच थांबवावी.

व्हिडिओच्या बाबतीत अधिक वेळ द्यावा लागतो. दुकानाची पाटी, वाहनाचा क्रमांक किंवा शाळेचा गणवेश स्पष्ट दिसेल अशा जागी तो थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा, तो गूगल लेन्समध्ये शोधावा आणि मिळालेल्या निकालांपैकी सर्वांत जुना निकाल उघडावा. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलस्वार रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसत होते. प्रत्यक्षात ती कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि संदेशाचा फलक दाखवला जातो. नेमका हाच भाग कापून उरलेले दृश्य खरे अपहरण म्हणून पसरवले गेले. म्हणून दृश्य अचानक तुटत असेल, तर पूर्ण चित्रफीत मिळेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नये.

वर्तमानपत्राचे कात्रण आले, तर त्या तारखेचा ई-पेपर उघडून तीच बातमी त्या अंकात आहे का, ते पाहावे.

बातमी खोटी निघाल्यास ती जिथे आली त्याच ग्रुपवर, मूळ दुव्यासह, दुरुस्ती लिहावी. पाठवणारे काका किंवा गुरुजी असतील, तर त्यांना आधी स्वतंत्रपणे फोन करावा. चारचौघांत खोडून काढल्यास माणूस दुखावतो आणि हट्टाला पेटतो, तर नीट समजावल्यास बहुतेक वेळा स्वतःच संदेश मागे घेतो. तसे झाले नाही, तर ग्रुपच्या ॲडमिनला तो सर्वांसाठी काढून टाकता येतो. मजकुरात एखाद्या व्यक्तीचा किंवा समाजाचा फोटो देऊन ‘यांना पकडा’ असे म्हटले असेल, तर मात्र पडताळणी पूर्ण होण्याची वाट न पाहता स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.