सातवीच्या वर्गावर जाण्याआधी

नाशिकला सातपूरच्या एका मराठी शाळेत ‘वयात येताना’चा पहिला तास घेतला, तेव्हा तक्ते होते, भाषणही पाठ होतं. ‘जननेंद्रिय’ म्हणाले आणि मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं. मी ओरडले. झालं, त्यानंतर एकाही पोराने तोंड उघडलं नाही. आता मीच आधी सांगते, पोटभर हसून घ्या, मग बोलू.

हा तास घ्यायला नव्याने येणाऱ्यांनी तक्त्यांआधी बुटांचा रिकामा खोका मिळवावा. झाकणाला फट पाडायची, सगळ्यांना सारखे कागद द्यायचे आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर डब्यात कोणती भाजी होती ते लिहा! नाहीतर पेन कुणाचं चाललंय, हे शेजाऱ्याला लगेच कळतं. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचाव्यात, उत्तरं पुढच्या तासाला.

मुलांचा एक प्रश्न हमखास असतो: झोपेत चड्डी ओली होते, मला रोग झालाय का? आपण त्याला ‘स्वप्नदोष’ म्हणतो. नावातच दोष, मग पोरगं घाबरेल नाही तर काय? उरलीसुरली भीती भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती घालतात. वयात येताना हे होतं, त्याने अशक्तपणा येत नाही, एवढी दोन वाक्यं पुरतात. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून अशाच भीतींशी झुंज दिली, कोर्टाच्या पायऱ्याही चढले. आपण अजून तिथेच घुटमळतोय.

मुली तारखांचं विचारतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते, हे ऐकून वर्गात सुस्कारे ऐकू येतात. शाळांना हा तास फक्त मुलींसाठी आणि शेवटी पॅडवाटपाचा फोटो असा हवा असतो. मी मुलांनाही बसवते. ‘कावळा शिवला’ म्हणजे काय हे त्यांना माहीत असतं, पाळी म्हणजे काय हे नसतं.

मैत्री, आवडणं, ‘ती रिप्लायच देत नाही’ यावर दोनदोन तास जातात, जाऊ द्यावेत. उत्तर न देणं म्हणजे होकार नव्हे, हे इथेच सांगता येतं.

एक मात्र कधीही म्हणू नका: ‘मी कुणालाच सांगणार नाही.’ २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; न कळवणं गुन्हा आहे. मूल बोललं तर ऐकून घ्या, खोदून खोदून विचारू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

आणि तास ठरवतानाच मुख्याध्यापकांना विचारा, अशी गोष्ट पुढे आली तर शाळेतून पोलीस ठाण्यात कोण येणार? एका शाळेत या प्रश्नावर चहा थंड होईपर्यंत कुणी बोललं नाही. नाव ठरलं नाही, तोवर मी तिथे तास घेतला नाही.