आईची पैठणी पन्नाशीत नेसताना

आईची येवल्याची पैठणी कपाटात ठेवू नका, नेसा. आधी ती उजेडासमोर धरा. घडीच्या रेषांवर रेशीम विरलं असेल तर ते निऱ्यांत जाईल का पाहा. पदरच विरला असेल तर रफूवाल्याकडून मागून मऊ जाळी लावून घ्या. जुनी चांदीची जर काळवंडते. ती घासू नका, मला तर तो काळसरपणाच आवडतो. अत्तर आधी अंगाला, ते वाळल्यावर साडी. ठेवताना मलमलमध्ये गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला.

खरा प्रश्न ब्लाउजचा. जुन्या ब्लाउजात अंग कोंबायचं नाही! आताच्या मापाचा, कोपरापर्यंत बाहीचा, खणाचा नवा शिवा आणि शिवणीत कापड राखून ठेवायला सांगा. दागिना एकच, ठुशी नाहीतर मोत्याच्या कुड्या. पांढरे केस जांभळ्या पैठणीवर फार शोभतात, रंगवायची घाई नको. चष्मा मी रोजचाच ठेवते.

पहिल्यांदा थेट लग्नाला नको. मैत्रिणीकडे चहाला जा, रिक्षात बसा, जिना चढा. निरी कुठे ओढते, पदर कुठे घसरतो ते तिथेच कळतं, आणि पिन कुठे लावायची तेही.