हृदयाच्या बिघडलेल्या तालाचं गणित शिकायचंय?

ठाण्यात आमच्या ओळखीतल्या पोरांना बारावीनंतर दोनच वाटा दिसतात: गणित आवडलं की इंजिनिअरिंग, बायोलॉजी आवडलं की नीट. दोन्ही आवडणाऱ्यांसाठी हे लिहितेय, बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधल्या एका कामाबद्दल: हृदयाचं संगणकावर मॉडेल बनवणं.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो. मांडीतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन डॉक्टर ठरावीक जागा जाळतात किंवा गोठवतात, हे अ‍ॅब्लेशन. फ्रान्समधल्या बोर्दोच्या आयसागेर या डॉक्टरांच्या गटाने १९९८ साली दाखवलं की ठिणगी बहुतेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. त्या शिरांचा विद्युतसंपर्क तोडला की अधूनमधून उठणारा आजार बराच आटोक्यात येतो. मुक्काम ठोकलेला आजार मात्र सहजी जात नाही. मग आणखी जाळायचं? ५८९ रुग्णांच्या स्टार एएफ २ चाचणीत (२०१५) जादा जाळून फायदा दिसला नाही. प्रश्न उरतो तो 'या रुग्णात कुठे?' हा, आणि आमचं, म्हणजे मॉडेल बनवणाऱ्यांचं, काम तिथे सुरू होतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने १० रुग्णांच्या एमआरआयवरून प्रत्येकाच्या वरच्या कप्प्यांचं मॉडेल बनवलं. त्यात एमआरआयमध्ये दिसलेले हृदयावरचे व्रण भरले, आधी संगणकावर 'जाळून' पाहिलं आणि मगच रुग्णावर हात घातला. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं.

लगेच न्यूरल नेटवर्कच्या मागे धावू नका, असं माझं ठाम मत आहे. आधी एक सुट्टी फिट्झह्यू-नागुमो मॉडेलला द्या, म्हणजे पेशींतल्या विजेच्या लाटेच्या सोप्या समीकरणांना. दोनच चलं आहेत, पायथॉनमध्ये सहज बसतं. संगणकातल्या चौकोनी पत्र्यावर (हा हृदयाच्या स्नायूचा तुकडा समजा) डावीकडून एक लाट सोडा. तिची शेपटी मध्यावर आली की खालच्या अर्ध्या भागाला धक्का द्या. वेळ नीट साधली तर लाट स्वतःभोवती फिरू लागते. आता तिच्या केंद्रावर एक 'मृत' ठिपका ठेवा. ती विझेल असं वाटतं ना? बहुधा ती त्या ठिपक्यालाच धरून फिरत राहते! ठिपक्यापासून कडेपर्यंत सलग मृत रेघ ओढलीत की वाट तुटते आणि लाट थांबते. अ‍ॅब्लेशनच्या रेघेत फट राहिली तर डॉक्टर का अस्वस्थ होतात, ते मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा या खेळातून जास्त कळलं.

सरावाला फिजिओनेट या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएच संग्रहातल्या ईसीजीच्या नोंदी फुकट मिळतात. पण खऱ्या सिग्नलमध्ये खालच्या कप्प्यांचे ठोके मिसळलेले असतात. ते वेगळे काढण्यातच आमचे दिवस जातात, आणि हे काम कंटाळवाणं आहे हे आधीच सांगून ठेवते.

इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.साठी द्यायच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. ठाणेकरांना आयआयटी मुंबई कांजुरमार्गला उतरून रिक्षाच्या अंतरावर, म्हणजे घरातून जाऊन-येऊनही जमतं. प्रोजेक्टला रुग्णांचा डेटा लागणार असेल तर रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. कोड नंतरही लिहिता येतो.