मराठी मथळ्याला सावली देताना आधी शिरोरेषा बघा

लग्नपत्रिका असो की चौकातला फ्लेक्स, मथळ्याला ड्रॉप शॅडो हवीच असते. मी हीच कामं करते आणि माझं ठाम मत आहे की देवनागरीला सावली बेताचीच द्यावी. आपल्या अक्षरांना वरून आडवी रेघ असते, तिचीही सावली पडते, आणि ती थेट अक्षरांच्या पोटात उतरते.

फोटोशॉपमध्ये ठळक फाँटात ‘शुभविवाह’ टाइप करा. वेलांटी भलतीकडे गेली तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा (जुन्या आवृत्त्यांत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन) आणि नव्या फाइलमध्ये पुन्हा टाइप करा. आता लेयर्स पॅनेलमध्ये (फाइलमधल्या थरांची यादी) या मथळ्याच्या लेयरच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेत डबलक्लिक करा. खिडकी उघडली की डावीकडे ‘ड्रॉप शॅडो’ या शब्दांवरच क्लिक करा. नुसती टिक केली तर सावली येते, सेटिंग दिसत नाही.

अँगल १२० ठेवा. उजेड डावीकडून वरून येतो, सावली उजवीकडे खाली पडते. पत्रिकेत फोटो असेल तर त्यातला उजेड ज्या बाजूचा, तोच कोन घ्या.

खरं काम डिस्टन्सचं, म्हणजे सावली अक्षरापासून किती सरकते त्याचं. झूम १०० टक्के करा, साइझ (कडेचा धूसरपणा) आणि स्प्रेड (सावलीचा फुगवटा) शून्यावर आणा आणि डिस्टन्स एकेक पिक्सेलने वाढवत नजर ‘व’वर ठेवा. रेघेची सावली त्याच्या पोटात उतरू लागते, ‘भ’ची गाठ बुजते, ‘शु’चा उकार जाड होतो. ‘व’चं पोट भरत आलं की मागे या. शिरोरेषेच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच मी जाते. मग साइझ डिस्टन्सइतकी किंवा थोडी जास्त करा, म्हणजे कड मऊ होते. स्प्रेड शून्यच राहू द्या.

एका कामाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे घालू नका. १० पिक्सेल म्हणजे ७२ डीपीआयच्या (एका इंचात ७२ पिक्सेल) फाइलमध्ये साडेतीन मिलिमीटर, ३०० डीपीआयच्या पत्रिकेत एक मिलिमीटरही नाही.

ब्लेंड मोड (सावली खालच्या रंगात मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय, ओपॅसिटी म्हणजे सावलीचा गडदपणा ४० ते ५० टक्के. रंग मात्र डोळे झाकून काळा घेऊ नका. हळदी रंगाच्या पार्श्वभूमीवर काळी सावली हिरवट, मळकी दिसते. तिथे गडद तपकिरी घ्या. मरून पार्श्वभूमीवर त्याच मरूनची गडद छटा शोभते. पार्श्वभूमी काळीच असेल तर सावली दिसणारच नाही, तिथे स्ट्रोक, म्हणजे अक्षरांभोवती रेघ द्या.

नंतर कंट्रोल-टी दाबून मथळा लहान केलात तर सावली जुन्याच मापाची राहते आणि अक्षरं गिचमिड होतात. लेयर मेनूतल्या लेयर स्टाइलमध्ये स्केल इफेक्ट्स आहे, तिथे मथळा जितके टक्के केला तितकेच टाका.